पुढं चालणारा आणि पुढारी

आमच्या सूतगिरणीतली तिसरी पाळी सकाळी सातला सुटते. गेल्या आखाडात एका शनिवारी तसाच पाळीवरून सुटलो, कानात रिंगखात्याचा आवाज, नाकात कापसाची धूळ, आणि घरी न जाता पन्हाळ्याची गाडी धरली. खात्यातला एक दोस्त म्हणाला होता, चल, पन्हाळा ते पावनखिंड मोहीम आहे. दोन दिवस, पन्नासेक किलोमीटरची चाल. जेवण, मुक्काम सगळं फीमध्ये. ओव्हरटाइमचे पैसे फीत घातले आणि गेलो. डोंगरात सरपणासाठी आमची आई गेली, शेण गोळा करायला आत्ती गेली. मजेसाठी जाणारा घरातला मीच पहिला.

मोहिमेचा म्होरक्या शहरातला. गळ्यात शिट्टी, पाठीवर नारिंगी पिशवी, पायात महागडे बूट. त्यानं नावं विचारली. माझं आडनाव ऐकून क्षणभर थांबला, मग पुढच्याकडं वळला. थोड्या वेळानं म्हणाला, "तू सामानाच्या टेम्पोवर बसशील का? तुला सवय असेल." मी म्हटलं, मी फी भरलीय, मी चालणार.

म्हाळुंगे मागं टाकून मसाई पठारावर आलो आणि धुकं उतरलं. ज्यानं ते पठार पावसात बघितलंय त्याला सांगायला नको. वर सगळं सपाट, झाड नाही, खूण नाही. हात पुढं केला तर बोटं दिसेनात. म्होरक्याचा मोबाइल पावसानं बंद पडला. तासभर शंभर माणसं त्याच्यामागं फिरली. एकच डबकं आम्ही दोनदा ओलांडलं. तेवढ्यात धुक्यातून आवाज आला, "कुठं निघालायसा? तिकडं कडा हाय!" घोंगड्याची खोळ घेतलेले धनगरवाड्यावरचे एक मामा. ते पुढं झाले, आम्ही मागं. त्यांनी एकदाही शिट्टी वाजवली नाही. थांबून थांबून फक्त मागं बघत होते, शेपटी आली का म्हणून. शेवटचं माणूस दिसल्याशिवाय पाऊल उचलत नव्हते.

मुक्कामाला सत्काराचा कार्यक्रम झाला. म्होरक्याला शाल, नारळ. सगळ्यांना प्रमाणपत्रं. मामा बाहेर पडवीत बसून होते. मी जवळ जाऊन नाव विचारलं तर म्हणाले, "नाव कशाला, चहा द्या घोटभर."

त्या रात्री झोप आली नाही. डोक्यात एकच घोळत होतं. जो पुढं चालतो त्याला आपली भाषा पुढारी म्हणते ना? मग मामा कोण होते?

घरी येऊन आज्ज्याला सगळं सांगितलं. आज्जा ऐंशीच्या पुढं गेलाय, पण कान आणि जीभ शाबूत. म्हणाला, "आरं, तुझा पणजा जल्मभर पुढंच चालला. साहेब घोड्यावर, पणजा घोड्याम्होरं. पुढं कोन? पणजाच की! पर रातच्याला भाकरी कुटं? तर गोठ्याच्या भायेर."

आज्ज्याचं हे एक वाक्य म्हणजे आपला सगळा इतिहास. तो जरा उलगडून बघू.

गावगाड्यात महाराला जी कामं लावली होती त्यात एक वाट दाखवायचं. गावात पाटील असो, मामलेदार असो, पलटणीतला गोरा साहेब असो, त्याला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचं. त्याचं ओझं उचलायचं. सरकारी टपाल, सरकारी पट्टी दुसऱ्या गावाला न्यायची. मेलेल्याचा सांगावा द्यायचा. गावाची शीव कुठून कुठं जाते हे महारालाच ठाऊक. शिवेचं भांडण झालं तर साक्ष महाराची. म्हणजे बघा, सगळ्या गावाला वाट दाखवणारा, सगळ्या गावाची हद्द जाणणारा माणूस, आणि त्याच गावात त्याला चालायला वाट वेगळी! ज्याच्या पावलावर पाऊल टाकून साहेब घाट उतरायचा, त्याच्या सावलीचा विटाळ. ही गंमत नव्हे दोस्तहो, ही व्यवस्था होती. माणसाचं ज्ञान घ्यायचं आणि माणूस बाहेर ठेवायचा.

गडांचंही तेच. किल्ल्याच्या घेऱ्यात, मेटांवर राखणीला रामोशी, कोळी, महार असायचे. चोरवाटा, पाण्याची टाकी, उतरायच्या घळी यांच्या पायाखालच्या. १६६० च्या आखाडात पन्हाळ्याचा वेढा फोडून शिवाजीराजे ज्या वाटेनं विशाळगडाकडं गेले, तीच ही आमच्या मोहिमेची वाट. बाजीप्रभूचं नाव आपण घेतो, घ्यायलाच पाहिजे. राजाचं सोंग घेऊन मरणाला सामोरा गेलेल्या शिवा काशीद न्हाव्याचंही आता घेतात. पण त्या रात्री चिखलातून पालखी खांद्यावर घेऊन पळणारे भोई? त्यांच्या खांद्यावर इतिहास गेला, इतिहासात ते गेले नाहीत.

महाराच्या या राबणुकीला वतन असं गोंडस नाव होतं. तुकडाभर जमीन, थोडं बलुतं, आणि त्या बदल्यात चोवीस तास बांधलेला माणूस. रात्री दाराशी हाक आली, "चल रं!", की उठायचं. बाप घरी नसला तर पोरगा. आजारी आहे म्हणायची सोय नाही. १८७४ च्या वतन कायद्यानं इंग्रज सरकारनंच ही बेडी कायद्यात बसवली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात तो कायदा बदलायचं विधेयक मांडलं. महारांना सरकारनं रोख पगार द्यावा, ज्यांना ही चाकरी नको त्यांना सुटायची मोकळीक असावी, हा त्याचा गाभा. विधेयकाला नख लावून लावून ते बोथट केलं गेलं आणि १९२९ ला बाबासाहेबांना ते मागं घ्यावं लागलं. शेवटी कनिष्ठ गाववतनं मोडायचा कायदा झाला तो १९५८ ला, बाबासाहेब गेल्यावर दोन वर्षांनी.

आज्जा म्हणतो, "ह्या वाटा दावण्यातनं सुटायला आमी येवडं केलं, आन् तू पैसं भरून तितंच चाललायस व्हय?"

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून रविवारी जुन्या बाजारात, वाचनालयात जे मिळेल ते वाचत सुटलो. मराठीत मिळालं ते मराठीत, इंग्रजीत मिळालं ते डिक्शनरी मांडीवर घेऊन. आपल्यासारखे वाट दाखवणारे जगात आणखी कुठं आहेत? त्यांचं काय झालं?

पहिली हकिगत फ्रान्सची. आल्प्स पर्वतात मों ब्लां नावाचं शिखर, त्याच्या पायथ्याला शामोनी हे गाव. १७८६ साली याच गावचे दोघं, स्फटिक शोधत डोंगर हिंडणारा जाक बाल्मा आणि डॉक्टर पाकार, त्या शिखरावर पहिल्यांदा पोचले. मग युरोपातले पैसेवाले हौशी लोक यायला लागले. वाट दाखवायला गावचे शेतकरी, शिकारी. १८२० साली एका डॉ. हॅमेलच्या तुकडीवर बर्फाचा कडा कोसळला आणि तीन वाटाडे गाडले गेले. हौशी वाचले, वाटाडे मेले.

पण पुढं शामोनीच्या लोकांनी काय केलं ते ऐका. दुसऱ्याच वर्षी, १८२१ ला, त्यांनी वाटाड्यांचा संघ काढला. कुणाची पाळी कधी हे ठरलेलं. जो येईल त्यानं पाळीप्रमाणं मिळेल तो वाटाड्या घ्यायचा. मेलेल्याच्या, जायबंदी झालेल्याच्या घरासाठी मदतनिधी. हे वाचताना मला आमच्या युनियनची पावती आठवली. गिरणीत पाळी, तिथंही पाळी. गिरणीत फंड, तिथंही फंड. तो संघ दोनशे वर्षं उलटून गेली तरी आजही चालू आहे. तिथं वाटाड्या हा हमाल नाही, कारागीर आहे. त्याला परीक्षा आहे, बिल्ला आहे, दर आहे. अर्थात त्यांच्या कपाळावर जात लिहिलेली नव्हती, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

दुसरी हकिगत आपल्या जवळची, हिमालयातली. तिचे नायक शेर्पा. नेपाळातल्या सोलुखुंबूमधून पोटासाठी दार्जिलिंगला आलेले लोक. जसे आपले कोकणातून, घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत गेले तसेच.

७ जून १९२२. एव्हरेस्टवर इंग्रजांची मोहीम. दोन प्रयत्न फसलेले. त्यात ताजा बर्फ पडलेला. तरी तिसरा प्रयत्न करायचा ठरला. मॅलरी, सॉमरवेल आणि क्रॉफर्ड हे तीन साहेब आणि चौदा हमाल दोर बांधून नॉर्थ कोलच्या उतारावर चढत होते. उतार सुटला. नऊ हमाल बर्फाबरोबर कड्याखाली गेले. दोघांना उकरून जिवंत काढलं, सात मेले. तीनही साहेब वाचले. सॉमरवेलनं पुढं लिहिलं की मेलेल्यांत एखादा इंग्रज असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. माणूस प्रामाणिक होता म्हणायचा. पण वर जायचं की नाही हे त्या चौदांना कुणी विचारलं होतं? ओझं त्यांचं, निर्णय साहेबांचा.

१९२८ ला हिमालयन क्लब स्थापन झाला. दार्जिलिंगला शेर्पांची नोंदवही ठेवली. प्रत्येकाच्या नावानं चाकरीचं पुस्तक. त्यात साहेब शेरा मारणार, माणूस चांगला, माणूस आळशी. दहा वर्षांनी वाघाचा बिल्ला द्यायला लागले, उंचावर ओझं नेणाऱ्या बहाद्दरांना. बिल्ला दिला म्हणजे मान दिला. पण शेरा मारणारा हात कायम एकाच बाजूचा. साहेब चांगला की वाईट, हे लिहायचं पुस्तक शेर्पांच्या हाती कधी दिलं नाही.

१९३४ ला नंगा पर्बतावर जर्मन मोहीम वादळात सापडली. तीन जर्मन आणि सहा शेर्पा मेले. मोहिमेचा प्रमुख विली मर्कल खचला तेव्हा गेले नावाचा शेर्पा त्याला सोडून गेला नाही. दोघंही तिथंच संपले. याला इमान म्हणून पुस्तकांतून फार गौरवलं आहे. मला मात्र वाचताना पणजा दिसला. इमान खरंच असेल. पण ज्याला सोडून जायची मुभाच नसते, त्याच्या इमानाची किंमत जग स्वस्तात करतं.

आणि मग २९ मे १९५३. तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर. तेनसिंग काही पहिल्यांदा आलेला नव्हता. १९३५ पासून तो त्या डोंगराशी झुंजत होता, ही सातवी खेप. हमाल म्हणून सुरुवात, आता सरदार आणि चढाईतला बरोबरीचा गडी. अक्षरओळख नव्हती त्याला. डोंगर मात्र पाठ होता. मोहिमेच्या सुरुवातीला काठमांडूत काय झालं माहीत आहे? ब्रिटिश वकिलातीत साहेबांना खोल्या, आणि शेर्पांना मोटारी ठेवायचं गॅरेज, जे आधी तबेला होतं. तिथं संडासही नाही. सकाळी शेर्पांनी वकिलातीसमोरच्या रस्त्यावरच लघवी करून निषेध नोंदवला. हसू नका. ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याचा तो अर्ज होता.

शिखर सर झाल्यावर इंग्लंडच्या राणीनं हंट आणि हिलरी यांना सर केलं. तेनसिंगला जॉर्ज पदक. जगभर मात्र एकच चर्चा, पहिलं पाऊल कुणाचं? दोघांनी आधी सांगितलं, आम्ही जवळजवळ एकदमच पोचलो. पुढं तेनसिंगनं स्वतःच आपल्या आत्मकथेत सांगून टाकलं की हिलरी दोन पावलं पुढं होता. दोर एक होता, म्हणून त्याला त्या भांडणाचं अप्रूप नव्हतं. मोठेपणा बघा! दोन पावलांसाठी आपल्याकडं संघटना फुटतात.

४ नोव्हेंबर १९५४ ला दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट निघाली आणि तेनसिंग तिथं प्रत्यक्ष शिक्षणाचा पहिला संचालक झाला. माझ्या मते हा दिवस शिखराच्या दिवसाइतकाच मोठा आहे. ज्याच्या पुस्तकात साहेब शेरा मारायचे तो आता मास्तर झाला. न शिकलेला माणूस शिकलेल्यांना शिकवायला लागला. पायातलं ज्ञान वर्गात आलं.

पण एका तेनसिंगनं सगळे शेर्पा सुटले का? एका बाबासाहेबांनी आपण सगळे सुटलो का? १८ एप्रिल २०१४. एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात बर्फाचा डोंगर कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार ठार झाले, बहुतेक शेर्पा. ते आपल्यासाठी चढत नव्हते. पैसे भरून आलेल्यांचं सामान, दोर, तंबू वर पोचवत होते. गिऱ्हाईक त्या धोक्याच्या टापूतून मोजक्या वेळा जातं, कामगार मोसमभर जा-ये करतो. सरकारनं घरटी चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले. शेर्पा पेटले. तळछावणीवर सभा झाल्या, मागण्या लिहिल्या गेल्या, आणि त्यांनी सांगितलं, यंदा आम्ही चढणार नाही. नेपाळच्या बाजूचा मोसम बंद पडला. लाखो मोजून आलेले लोक परत गेले. विम्याची रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये करावी लागली.

दोस्तहो, इथं मला आज्ज्याच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. वेठ आणि कसब यांत फरक कामाचा नसतो. वाट तीच, दोर तोच, ओझंही तेच. फरक एवढाच, तुला नाही म्हणता येतं का? पणज्याला येत नव्हतं. १९२२ च्या चौदांना येत नव्हतं. शामोनीच्या वाटाड्यांनी संघ करून ते मिळवलं. शेर्पांनी बाणव वर्षांनी सोळा मढी समोर ठेवून ते म्हटलं. बाबासाहेब कायदेमंडळात १९२८ ला मागत होते तेही हेच. चाकरी नाकारायचा हक्क.

त्याच २०१४ च्या मे महिन्यात, एव्हरेस्टच्या दुसऱ्या, तिबेटच्या बाजूनं दोन पोरं माथ्यावर पोचली. २५ मे. मालावत पूर्णा, आदिवासी मुलगी, वय तेरा वर्षं अकरा महिने. आणि साधनापल्ली आनंद कुमार, दलित मुलगा. दोघंही समाजकल्याणच्या निवासी शाळेतले. शेतमजुरी आणि लहानसहान कामं करणाऱ्यांची लेकरं. भोंगीरच्या खडकावर चढायला शिकली, मग दार्जिलिंगला शिकली. २०१८ ला आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी पोरंही एव्हरेस्टवर जाऊन आली. आपण हे अभिमानानं सांगतो. सांगूच. पण सांगताना एवढं विसरू नये की त्यांच्याही पुढं दोर लावणारे शेर्पा होते. आपल्या आनंदात दुसऱ्याचा पणजा हरवता कामा नये.

आणखी एक हकिगत सांगतो. १६ जानेवारी २०२१. के-टू हे जगातलं दुसरं उंच शिखर हिवाळ्यात तोवर कुणाला साधलं नव्हतं. मोठमोठ्या मोहिमा हात टेकून परत गेल्या होत्या. त्या दिवशी दहा नेपाळी गडी माथ्याच्या थोडं खाली पोचले आणि जो पुढं होता तो थांबला. मागचे येईपर्यंत थांबला. कडाक्याच्या थंडीत, जिथं थांबणं म्हणजे मरण, तिथं. मग दहाही जण आपलं राष्ट्रगीत म्हणत एकत्र वर गेले. पहिलं पाऊल कुणाचं, हा प्रश्नच त्यांनी ठेवला नाही. त्या दिवशी ते कुणाचे हमाल नव्हते, आपल्यासाठी चढले होते.

आता आपल्याबद्दल. रागावू नका. आपल्या मोर्च्यात पुढं कोण असतं? कोऱ्या कपड्यातला, हारवाला. रात्री खळ शिजवून पोस्टरं चिकटवणारा कुठं असतो? सतरंज्या उचलणाऱ्या बाया कुठं असतात? लाठी चालली तर पहिली कुणाच्या पाठीवर पडते? शेपटीवर. आपण शेपटी मोजतो का? डोंगरातले चार नियम आहेत, मसाईच्या मामांना कुणी न शिकवता येत होते. चाल सगळ्यात हळू चालणाऱ्याची धरायची. पुढं एक जाणता आणि सगळ्यांत मागं दुसरा जाणता ठेवायचा. दर थांब्याला डोकी मोजायची. आणि उजेड असताना मागं फिरायची वेळ आधीच ठरवायची, ती आली की शिखर चार हातांवर असलं तरी वळायचं. यातला एकही नियम आपल्या संघटनांनी पाळलेला मी बघितलेला नाही.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण काढलं. नोंदणी आली, प्रमाणपत्र आलं. सुरक्षेसाठी ते पाहिजेच. पण डोळे उघडे ठेवा. उद्या कागद शहरातल्या शिट्टीवाल्याकडं असेल आणि धनगरवाड्यावरचे मामा, ठाकरवाडीतला पोरगा त्याच्या हाताखाली रोजंदारीवर असतील. वाट यांची, परवाना त्याचा. हे वतन नव्या नावानं यायच्या आधी आपल्या पोरांनी ते कागद मिळवले पाहिजेत, आणि मामांचं ज्ञान परीक्षेत धरा म्हणून भांडलंही पाहिजे.

दार्जिलिंगचा पहिला अभ्यासक्रम अठ्ठावीस दिवसांचा असतो. मी अर्ज मागवलाय. रजा बिनपगारी पडणार. आज्ज्याला सगळं वाचून दाखवलं, शामोनी, शेर्पा, सगळं. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "जा. पर एक ध्यानात धर. कुनी ‘चल रं’ म्हटलं तर जाऊ नगंस. ‘येतोस का’ म्हटलं तरच जा."

येत्या आखाडात आमच्या वस्तीतली बारा पोरं-पोरी घेऊन मसाईला जायचं ठरलंय. फी नाही, भाकरी आपापली. मामांना आधी जाऊन विचारून यायचं, वाट दाखवता का, काय घ्याल. ते नाही म्हणाले तर दुसरा दिवस बघायचा. ज्यांना यायचंय त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कळवावं. मी मागं चालणार आहे.